पहिली बंदूक घेण्यापूर्वी

कामगार संघटनेच्या कचेरीत माणसे पगाराचे, बोनसचे आणि बडतर्फीचे प्रश्न घेऊन येतात असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो खोटा नाही. परंतु सुरक्षारक्षकांमध्ये आम्ही काम करू लागलो तेव्हापासून आणखी एक प्रश्न आमच्या टेबलापुढे वारंवार येऊन बसतो : "भाऊ, बंदूक घ्यायची आहे, कोणती घेऊ?" विचारणारा कधी फौजेतून निवृत्त झालेला जवान असतो. कधी गावाकडे थोडी भातशेती आणि त्या शेतीत रानडुकरांचा धुमाकूळ असलेला कोकणातला रक्षक असतो. कधी शेजारी चोरी झाल्यामुळे धास्तावलेला गृहस्थ असतो. प्रश्नाचे शब्द तेच असले तरी उत्तर तिघांना एकच देता येत नाही. या विषयावर आपल्याकडे एक तर शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, नाही तर नाक मुरडले जाते. घेणाऱ्याच्या पदरात उपयोगाचे असे फार थोडे पडते. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच दिला.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आपण सगळ्यालाच बंदूक म्हणतो. परंतु कायद्याच्या आणि कामाच्या दृष्टीने दोन जाती अगदी निराळ्या आहेत. एकीची नळी आतून आरशासारखी गुळगुळीत असते. तिच्यातून एकाच वेळी अनेक छर्रे सुटतात आणि जातील तसे पसरत जातात. दुसरी रायफल. हिच्या नळीत पीळदार खाचा असतात, त्यामुळे एकच गोळी स्वतःभोवती गरगर फिरत सरळ आणि फार लांब जाते. अगदी लहान समजली जाणारी पॉइंट बावीसची गोळीसुद्धा एका मैलाहून पुढे जाऊन माणसाला इजा करू शकते. याउलट बारीक छर्ऱ्याचा जोर चाळीसपन्नास यार्डांत ओसरू लागतो. मोठा छर्रा मात्र त्याहून पुष्कळ लांब घातक राहतो. 'बारा बोअर' हा शब्द तर रक्षकांच्या तोंडी रोजचा आहे, पण त्याचा अर्थ विचारला की शंभरातले नव्वद जण गप्प बसतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. हा उलटा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे तो जिवाच्या कामी येणार आहे.

आता कायदा. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता आणि गोऱ्या माणसाला त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. हा कायदा आम्ही वाचनालयात बसून, शब्दकोश हाताशी घेऊन वाचला, आणि त्यातली दोन कलमे आम्हांला विशेष वाटली. तेराव्या कलमात असे आहे की, किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी, अथवा ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी खरोखर हवी असेल, तर नागरिकाला परवाना देण्यात यावा. त्याच्या पुढच्या, चौदाव्या कलमात नकाराची कारणे दिली आहेत. अर्जदार मनाने अस्थिर असणे, कायद्याने अपात्र असणे, सार्वजनिक शांततेला धोका असणे अशी ती कारणे आहेत. परंतु त्याच कलमात हेही स्पष्ट लिहिले आहे की, केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. "तुझ्याकडे राखायला आहे तरी काय?" असे कचेरीत हसून विचारणारा कारकून जेव्हा भेटतो, तेव्हा आमच्या माणसाने हे कलम नम्रपणे पुढे करावे. नकार आला तर त्याची कारणे लेखी मागता येतात आणि अपीलही करता येते.

अर्थात कलम हाती आहे म्हणून बंदूक दाराशी येत नाही. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे किंवा जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे करावा लागतो. वय एकवीस पूर्ण हवे. २०१६ च्या नियमांप्रमाणे शारीरिक व मानसिक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी लागतात. पोलिसांची चौकशी होते, आणि धोका खरा आहे की हौस आहे हे अधिकारी बारकाईने पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली. एका माणसाजवळ तीन शस्त्रे चालत, ती दोनवर आली. आणि लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. वरातीत बंदूक मागायला येणाऱ्या पाहुण्याला हे कलम ऐकवावे. पाहुणा रुसेल, पण परवाना राहील. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. आधी परवाना, मग दुकान. "बंदूक आत्ता घ्या, कागद मागाहून करून देतो" असे म्हणणारा दलाल, किंवा परराज्याचा परवाना घरबसल्या आणून देणारा मध्यस्थ, हा गरिबाला सरळ तुरुंगाकडे नेतो. बनावट परवान्यांवर नोकरी करणारे रक्षक महाराष्ट्रात पकडले गेले आहेत. कोठडीत रक्षक जातो, त्याला कामावर ठेवणारा ठेकेदार "आम्हांला काय ठाऊक?" म्हणून मोकळा होतो.

रायफलीविषयी थोडक्यात सांगतो, कारण आमच्या बहुतेक माणसांना तिची गरज नाही. फौजेच्या मापाच्या गोळ्या नागरिकाला निषिद्ध आहेत. म्हणून पॉइंट तीनशे पंधरा या, फौजेत न चालणाऱ्या मापाची रायफल आपल्याकडे रुळली आणि ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होत आली. ती लांब पल्ल्याची आहे, आणि दाट वस्तीत लांब पल्ला हा गुण नव्हे, दोष आहे. नेमबाजीची आवड असलेल्या पोराने सुरुवात करावी ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि ठराविक मर्यादेतल्या जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि नेम, श्वास, चापावरचे बोट हे सगळे शिक्षण तिच्यावर होते. पॉइंट बावीसची पाळी त्यानंतर, क्लबात नाव घालून आणि रीतसर परवाना काढून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो मध्य रेल्वेचा नोकरदार होता. आम्हां कामगारांना त्याचा आनंद जरा जास्तच झाला, हे सांगायला संकोच वाटत नाही.

पीकरक्षणाचा प्रश्न कोकणात आणि घाटमाथ्यावर फार जुना आहे. तेथे अजून ठासणीची बंदूक दिसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासून बसवायचे; मागे टोपी लावली की बार तयार. ही स्वस्त आहे, गावच्या कारागिराला दुरुस्त करता येते, हे तिचे गुण. तिचा खरा दोष असा की एकदा ठासलेली बंदूक सहज रिकामी करता येत नाही. त्यामुळे ती भरलेलीच पडवीत टांगून राहते, आणि घरातले पोर तिच्याशी खेळते. दारू किती घालायची याचेही माप अनेकदा मुठीचे असते. ज्याला परवाना मिळण्यासारखा आहे त्याने काडतुसाच्या साध्या एकनळीसाठी अर्ज करावा असे आमचे मत आहे. ठासणीने पीक राखले जाणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर तो दुसऱ्या गुळगुळीत बंदुकीचा परवाना देऊ शकतो, अशी तरतूद त्याच तेराव्या कलमात आहे. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याने शेत उद्ध्वस्त केले तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्याच्यावर बार टाकला तर शेतकरी आरोपी होतो. पुष्कळदा नुसत्या आवाजाने काम भागते. आणि रात्री चारपाच जणांनी रानात हाकारे करीत, एकमेकांची जागा माहीत नसताना बार काढणे हा प्रकार तर बंदच झाला पाहिजे. झुडूप हलले म्हणून डुक्कर समजून माणूस मारल्याच्या बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो.

घराच्या रक्षणासाठी बंदूक घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाला आम्ही आधी त्याच्या घराविषयी विचारतो. चाळीत राहता की वाडीत? दोन खोल्यांमधली भिंत विटेची की पत्र्याची? सिनेमात बंदूक उडाली की छर्रे सगळ्या खोलीभर उडतात. प्रत्यक्षात खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छर्ऱ्यांचा झुबका जेमतेम तळहाताएवढा पसरतो. म्हणजे नेम धरावाच लागतो, आणि नेम चुकला तर मोठा छर्रा पत्रा किंवा प्लायवूड फोडून शेजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत जातो. शिवाय कायदा काय म्हणतो? स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. पण त्याचे तत्त्व बदललेले नाही. आवश्यक तेवढीच इजा करण्याचा तो हक्क आहे. पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर तो नाही. पळून चाललेल्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याचा तर मुळीच नाही. रात्री घर फोडून शिरणाऱ्याच्या बाबतीत कायदा घरमालकाला अधिक मोकळीक देतो खरा, पण ती मोकळीक होती की नव्हती हे कोर्टात ठरते, आणि तोवर वर्षे जातात. मजबूत दार, आतून अडसर, गल्लीत एक दिवा आणि शेजाऱ्यांशी बोलणे या चार गोष्टी बंदुकीपेक्षा स्वस्त आहेत. त्या करून झाल्यावर, आणि घर वस्तीपासून लांब एकटे असेल तर, मग बंदुकीचा विचार करावा.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. बंदूक विकत घेणारा बाहेरच्या माणसाचा विचार करतो; ती रोज राहते मात्र घरच्या माणसांत. कॅलिफोर्नियातल्या लक्षावधी लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, ज्या पुरुषांच्या मालकीचे पिस्तूल होते त्यांचे स्वतःच्या गोळीने मरण्याचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट होते. स्त्रियांच्या बाबतीत ते याहूनही कितीतरी अधिक होते. ते पिस्तुलांचे आणि परदेशचे आकडे आहेत, जसेच्या तसे इकडे लावू नयेत हे आम्ही जाणतो. परंतु शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असणे आणि नसणे यात काय अंतर पडते, हे महाराष्ट्राला परक्याने सांगायला नको. घरात कोणी खचलेले असेल, दारू पीत असेल, भांडण टोकाला जात असेल, तर त्या काळात बंदूक घेऊ नये. आधीच असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. यात लाज कसली?

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः बोलायचे ते हत्यारी रक्षक. अनेक ठेकेदार जाहिरात करतात : गनमॅन पाहिजे, स्वतःची बंदूक व परवाना हवा. याचा अर्थ नीट समजून घ्या. गिरणीत साचा मालकाचा असतो, कारखान्यात लेथ मालकाचे असते; येथे मात्र कामाचे हत्यार कामगाराने आणायचे, त्याची किंमत त्याने भरायची, नूतनीकरणाच्या फेऱ्या त्याने बिनपगारी रजेवर मारायच्या, आणि काही विपरीत घडले तर गुन्हाही त्याच्याच नावावर. हिशेब करून पाहू. समजा बंदूक, काडतुसे आणि कपाट मिळून सत्तर हजार गेले, आणि हत्यारी म्हणून दरमहा दोन हजार जास्त मिळाले. नुसती मुद्दल फिटायला पस्तीस महिने लागतात. परवान्याची मुदत साठ महिन्यांची. त्यातून कर्जाचे व्याज गेले, आणि मध्येच ठेका सुटला तर बंदूक घरात आणि हप्ता डोक्यावर. आमचा एक सभासद पत्नीचे दागिने गहाण टाकून दुनळी घेऊन आला आणि चौथ्या महिन्यात ठेकेदाराने ते ठिकाणच सोडले. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी थोडी नाहीत.

याहून गंभीर मुद्दा परवान्याच्या हेतूचा आहे. परवान्यावर 'स्वसंरक्षण' लिहिलेले असताना ती बंदूक दुसऱ्याच्या तिजोरीपुढे उभी राहिली, तर अटींचा भंग झाला असे उद्या कोणी म्हणू शकतो. परवाना कोणत्या जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता आहे हेही त्यावर लिहिलेले असते. आपला जिल्हा सोडून मुंबईला पहाऱ्यावर येणाऱ्याने ते आधी वाचावे. रीतसर मार्ग असा की बँकेने किंवा संस्थेने परवाना स्वतःच्या नावावर घ्यावा, बंदूक स्वतः विकत घ्यावी, आणि रक्षकाचे नाव परवान्यावर रिटेनर म्हणून नोंदवावे. पुष्कळ बँकांत हे चालते, म्हणजे ते अशक्य नाही. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षारक्षकांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली मंडळे आहेत. मागणी कोठे न्यायची याचे ठिकाण आपल्याला आहे. तेव्हा नोकरीसाठी पहिली बंदूक घेऊ पाहणाऱ्याला आमचे उत्तर बहुधा असते की, घेऊ नकोस, मालकाला घ्यायला लाव. एकट्याने म्हटले तर तो हाकलला जाईल. चाळीस जणांनी मिळून म्हटले तर बोलणी होतात.

इतके ऐकूनही ज्याला खरोखर घ्यायची आहे त्याने कोणती घ्यावी? आमचे मत बारा बोअरच्या साध्या दुनळीकडे झुकते. पंप पद्धतीच्या बंदुकीत काडतुसे जास्त मावतात, पण ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि घाबरलेल्या हाताकडून तिचा दट्ट्या अर्धाच ओढला जातो. दुनळी मध्ये मोडली की दोन्ही घरे उघडी पडतात, रिकामी की भरलेली हे शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसते. तिला सुट्या भागांची भानगड कमी, आणि बारा बोअरची काडतुसे सर्वत्र मिळतात. आमच्या पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही ती होतात. नवी दुनळी मुंगेरची किंवा जम्मूची असते. तेथल्या छोट्या परवानाधारक कारखान्यांत पुष्कळसे काम कानशीने, हाताने होते. कारागिरी उत्तम असू शकते, पण सगळे नग सारखे नसतात, म्हणून नाव पाहून नव्हे, तो नग पाहून घ्यावा.

जुनी घेताना तर फारच सावध राहावे. नळी काढून उजेडाकडे धरून आतून पाहावी. आत खड्डे, फुगवटा किंवा दबलेली जागा असेल तर सोडून द्यावी. नळ्यांची जोडी सुतळीला टांगून बोटाने टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर जोड पक्के आहेत, भद्द आवाज आला तर कोठे तरी झाळण सुटली आहे. बंदूक मिटून हलवून पाहावी. बिजागरीत खडखड होत असेल किंवा नळी आणि मागचा भाग यांच्यामधून उजेड दिसत असेल तर ती थकलेली आहे. जुन्या विलायती बंदुकांच्या काही नळ्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. ती पट्ट्या पिळून केलेली दमास्क नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या काडतुसांसाठी नव्हे, आणि धूररहित दारूची चाचणी झाल्याची खूण असल्यावाचून तिला हात लावू नये. काडतुसाच्या घराची लांबीही विचारावी. जुन्या घराची पासष्ट मिलिमीटर असते आणि काडतुसावर सत्तर लिहिलेले असते. ते सत्तर उडाल्यानंतरच्या लांबीचे, म्हणून न उडालेले काडतूस आत सहज बसते आणि फसवते. उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. दस्ता कोपराच्या आत टेकवून बोट चापापर्यंत सहज पोचते का ते पाहावे. शेवटी बंदुकीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळवावा.

आता वीस बोअरचा तो उलटा हिशेब. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घरात थांबत नाही, पुढे घसरून नळीत अडकते. चाप ओढला, बार झाला नाही, माणसाला वाटते घर रिकामेच होते, आणि तो मागून बाराचे काडतूस भरतो. पुढच्या बाराला नळी डाव्या हाताजवळ फुटते. म्हणून दोन मापांची काडतुसे एका घरात, एका खिशात कधीही असू नयेत.

घरी बंदूक रिकामी आणि कुलुपात, काडतुसे दुसऱ्या कुलुपात, किल्ल्या परवानाधारकाजवळ. कोकणात पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगतात आणि नळीतून निघत नाहीत, तेव्हा प्लॅस्टिकची घ्यावीत आणि जुना साठा विक्रेत्याला दाखवावा. निवडणुकीच्या काळात पोलीस बंदूक जमा करायला सांगतात. जमा करताना नंबर घातलेली पावती घ्यावी, आणि नोकरीसाठी ती लागत असेल तर तसा अर्ज आधीच द्यावा. आणि हे घरच्या मंडळींनाही सांगून ठेवावे, कारण परवानाधारक वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो. विधवेने किंवा मुलाने ती बंदूक आठवण म्हणून माळ्यावर ठेवली तर तो गुन्हा ठरतो. ती लगेच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाला हवी असेल तर त्याने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा, नको असेल तर रीतसर विकावी, आणि दोन्ही वेळा पावती मुलाच्या शाळेच्या दाखल्याजवळ, त्याच पेटीत ठेवावी.